एक्केचाळीस नंबरचा मुलगा

पासष्टच्या लढाईच्या दिवसांत आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या घरी जागेपणी सापडणारा धडधाकट पुरुष मी एकटाच होतो. जबलपूरच्या रांझीतली ती गल्ली सगळी दारूगोळ्याच्या फॅक्टरीवाल्यांची. सकाळी भोंगा वाजला की सायकलींची रांग निघायची. तिची किणकिण कोपऱ्यावर विरली की गल्ली इतकी चिडीचूप व्हायची की चार घरांपलीकडच्या नळाची टपटप ऐकू यावी. मग मी बनियनवरच ओट्यावर येऊन चहा प्यायचो आणि स्वतःला सांगायचो, बाबा रे, तू रिकामा नाहीस, तुझा धंदा आहे. हे रोज सांगावं लागायचं, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं.

घरून धंदा करणाऱ्या माणसाचा धंदा कोणाला दिसत नाही, तो घरी आहे एवढंच दिसतं. "तुम्ही घरीच असता ना?" असं म्हणून समोरच्या वहिनींनी एकदा किल्ली ठेवली. त्यांचं पाहून शेजारच्यांनी ठेवली. महिन्याभरात दाराजवळच्या खिळ्याला सात घरांच्या किल्ल्या लटकायला लागल्या. कोणाचं दूध तापवून ठेवायचं, कोणाचं रजिस्टर पत्र सही करून घ्यायचं, कोणाच्या वाळवणावरून गाय हाकलायची. सात घरांचा कारभार माझ्याकडे, आणि माझ्या घरात मला धरून माणूस एक.

धंदा होता लग्नं जुळवायचा. हसू आलं असेल तर हसून घ्या. वय बत्तीस, स्वतःचं लग्न नाही, आणि हे गृहस्थ लोकांच्या मुली उजवून राहिले! आमच्या घरमालकीणकाकू मागच्या खोलीत राहायच्या. त्या म्हणायच्या, "याच्या घरी चूल पेटत नाही आणि हा गावाला जेवायचं आवतण देऊन राहिला!"

खरं तर धंदा आईचा. वडील कुंडमला वनखात्यात कारकून होते, ते लवकर गेले. आई मला घेऊन इथे आली आणि शिवणकाम करता करता जबलपुरातल्या मराठी घरांच्या सोयरिकी जुळवायला लागली. घरोघरी जाणं असायचं, कोणाची मुलगी केव्हा उपवर झाली ते ब्लाउजच्या मापावरून तिला आईबापांच्या आधी कळायचं. आई गेली, पण पत्रिका येत राहिल्या. लोक दारात उभे राहायचे, मला नमस्कार करायचे, आईबद्दल हळहळायचे आणि जाता जाता मुलीचं टिपण हातात द्यायचे. फॅक्टरीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा नापास होण्यापेक्षा आईची ट्रंक उघडणं सोपं वाटलं.

आईच्या पद्धतीत मी एकच सुधारणा केली, आणि तिचा मला भारी अभिमान होता. इथला मराठी समाज एवढासा. मोडलेल्या सोयरिकीची बातमी संध्याकाळच्या आत पार सदर बाजारापर्यंत पोचायची. म्हणून मी नावं बंद केली आणि नंबर सुरू केले. टिपणावर नंबर, जन्मवेळ, जन्मस्थळ, गोत्र, उंची, शिक्षण, काम. पत्रिका जुळली, दोन्हीकडून होकार आला, तर बघायच्या दिवशी समोरासमोर नाव कळायचं. नाही जुळली तर वहीत त्या नंबरावर लाल रेघ. ना कोणाची नाचक्की, ना कोणाची चर्चा. ही सुधारणा माझ्याच गळ्यात कशी अडकली, तेच सांगायला बसलोय.

बघण्याचा कार्यक्रम खरं तर मुलीच्या घरी व्हायचा. पण लढाई सुरू झाली आणि फॅक्टरीत रात्रंदिवस काम निघालं. ज्याच्या त्याच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये दिवसा कोणीतरी रात्रपाळी करून घोरत पडलेलं. पाहुण्यांना बसवायचं कुठे? मग सगळे म्हणायला लागले, "तुमच्याच घरी करू या. तुमच्याकडे कोण आहे!"

माझ्याकडे कोणी नव्हतं ही माझ्या धंद्याची मोठी सोय ठरली. बाहेरची खोली मी झाडून ठेवली. दोन लाकडी खुर्च्या, एक बाकडं, खिडक्यांना ब्लॅकआउटच्या सरकारी हुकुमाप्रमाणे खळीने चिकटवलेला काळा कागद, आणि भिंतीवर वडिलांचा एक ग्रुप फोटो. कुंडमच्या कचेरीसमोर खाकी कपड्यांतली नऊ माणसं आणि मागे गावाच्या नावाची मोठी पाटी. त्या फोटोसमोरची खुर्ची मुलीची.

पोहे मी करायचो. मुलगी माझ्या स्वयंपाकघरात जायची, माझे पोहे माझ्या बशांत वाढून घ्यायची, आणि पदर सावरत बाहेर आणायची. मुलाची आई घास घेऊन म्हणायची, "हाताला चव आहे हो पोरीच्या." मी छताकडे बघायचो. एका सासूबाईंनी तर पुढे लग्नानंतर सहा महिन्यांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, की सुनेचे पोहे इतके कसे बिघडले.

अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असायचं, म्हणून पाचच्या सुमारास खोली एकदम रिकामी व्हायची. बशा गोळा करायच्या, खुर्च्या सारख्या करायच्या आणि उरलेले पोहे खायचे. पोहे नेहमी उरायचे, कारण मी माणसं मोजताना स्वतःला कधी धरत नव्हतो आणि शेवटी खाणारा मीच असायचो. काळ्या कागदाआड बसून एकट्याने लोकांच्या कार्यक्रमाचे गार पोहे खाताना घास फार मोठा लागतो.

त्याच दिवसांत एक फोरमनसाहेब त्यांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची. साहेब सांगत होते, मी लिहीत होतो.

"उंची पाच फूट एक."

"पाच फूट," मुलगी म्हणाली.

"अगं, परवा तर मोजली."

"चपला घालून मोजली, बाबा."

मी मान वर केली. चार वर्षांत माझ्या वहीत एकही मुलगी एक इंच कमी झाली नव्हती. सगळ्या वाढतच होत्या. मी पाच फूट लिहिलं, आणि इथेच माझा धंदा बुडाला म्हणायला हरकत नाही.

तिला पहिला दाखवला तो सत्तावीस नंबर. फॅक्टरीतला, पर्मनंट, मुलगा सरळ. बिचारा दोन पाळ्या सलग करून आला होता. साहेब फॅक्टरीतल्याच गोष्टी विचारत होते, आणि दोन उत्तरं झाल्यावर तिसऱ्याला मुलगा बाकड्यावर बसल्या बसल्या झोपला. डोकं भिंतीला, तोंड उघडं. त्याच्या आईचा चेहरा बघवेना. ती त्याला कोपराने ढोसायला गेली तर मुलगी म्हणाली, "राहू द्या ना. झोपू द्या." आम्ही चार माणसं अर्धा तास कुजबुजत पोहे खात होतो. भोंगा वाजला तेव्हा तो ताडकन उठला, "आलो, आलो" म्हणत चपला शोधायला लागला.

दोन दिवसांनी ती शाळेतून घरी जाताना माझ्या दारात थांबली. साहेबांना ओव्हरटाइम, म्हणून टिपण परत द्यायला ती आली होती. काकू लगेच तांदळाचं सूप घेऊन उंबऱ्यात येऊन बसल्या. एकट्या पुरुषाच्या घरी मुलगी आली की काकूंच्या तांदळात फार खडे निघायचे.

"नकार?" मी विचारलं.

"माणूस चांगला आहे. पण फॅक्टरी नको." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "आमच्या घरी भोंग्यावर ताट वाढतात, भोंग्यावर उठतात. बाबांशी मी शेवटचं केव्हा बोलले, मला आठवत नाही. तुमच्याकडे घरी असणारा कोणी नाही का?"

"घरी असणाऱ्याला कोण मुलगी देतं?" मी म्हणालो.

"ते बाबांना विचारा. मी माझं सांगितलं."

नंतर ती आणखी दोनदा आली. एकदा टिपण न्यायला, एकदा तेच परत करायला. दर वेळी दहा मिनिटं. शाळेतल्या पोरांच्या खोड्या सांगायची, खिळ्यावरच्या किल्ल्या बघून विचारायची, "ही कोणाची? आणि ही?" मी घरांसकट सांगायचो. सगळ्या झाल्यावर तिने विचारलं, "आणि तुमची?"

"माझं दार उघडंच असतं," मी म्हणालो. त्यावर ती हसली. मी मूर्खासारखं ते हसू चार दिवस पुरवून पुरवून वापरलं.

त्या चार दिवसांत मी वहीत नवा नंबर टाकला. एक्केचाळीस. जन्मवेळ, गोत्र सगळं खरं, कारण पत्रिकेत खोटं चालत नाही. जन्मस्थळ कुंडम. उंची चपलेशिवाय. काम: स्वतंत्र व्यवसाय. माझ्याच अक्षरात लिहिलं, सगळीच टिपणं माझ्या अक्षरात असायची, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. टिपण साहेबांच्या घरी पोचतं केलं. वाटलं होतं, साहेब 'स्वतंत्र व्यवसाय' वाचूनच नकार देतील आणि माझं मला बरं वाटेल, की प्रयत्न केला.

आठवड्याने साहेब सायकलवरून आले आणि एक पाय ओट्यावर टेकून ओरडले, "भाऊ, एक्केचाळीस! गुरुजी म्हणतात, अठ्ठावीस गुण. मुलीलाही हा बरा वाटून राहिला. रविवारी चार वाजता बोलवा."

मी म्हणालो, "बोलवतो."

रविवारपर्यंत मी काही सुचू न देणाऱ्या आनंदात होतो. ठरवलं होतं की सगळे बसले, की उभं राहायचं आणि सांगायचं: साहेब, एक्केचाळीस नंबर मीच. एवढंच वाक्य. दाढी करताना म्हणून पाहिलं, कांदा चिरताना म्हणून पाहिलं. पांढऱ्या बुशशर्टला लोट्यात निखारे घालून इस्त्री केली.

काकू दारातून म्हणाल्या, "काहून रे, आज इस्त्री?"

"पाहुणे येऊन राहिले."

"पाहुणे तर रोजच येतात. इस्त्री आजच दिसते." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून त्या सूप घेऊन बसल्या.

चार वाजता साहेब आले ते फॅक्टरीच्या खाकी कपड्यांतच. सहाला परत पाळीवर जायचं होतं. मुलगी फोटोसमोरच्या खुर्चीवर बसली. निळं पातळ होतं. मी उभा राहिलो. घसा साफ केला.

"साहेब…"

"तुम्ही बसा हो आधी," साहेब म्हणाले. "मी फॅक्टरीत सगळ्यांना सांगत असतो, मध्यस्थ असावा तर असा. नाहीतर लोक पहा! तिकडे एकाने काय केलं, दुसऱ्याच्या मुलाचं स्थळ आणतो म्हणाला आणि आपल्याच भाच्याला पुढे केलं. कुंपणानेच शेत खाल्लं! तुमच्या घरी तरणी मुलगी एकटी पाठवतो मी, भाऊ. विश्वास म्हणून. चलो, सांगा, काय म्हणत होतात?"

मी म्हणालो, "पोहे आणतो."

स्वयंपाकघरात जाऊन मी फोडणीतल्या मोहऱ्या तडतडून काळ्या होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. विश्वास म्हणून, हे दोन शब्द कोणी माझ्याबद्दल पहिल्यांदाच बोललं होतं, आणि नेमके आजच. बाहेर आलो तर साहेब दाराकडे बघत होते.

"सव्वाचार झाले. मुलगा?"

"येतीलच."

"कुठून यायचे आहेत?"

"जवळूनच," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

साडेचारला मी म्हणालो, "कोपऱ्यावर बघून येतो." आणि देवाशपथ सांगतो, मी चपला घालून कोपऱ्यावर गेलो, पानाच्या ठेल्याशी उभा राहिलो आणि दोन्हीकडच्या रस्त्यांवर स्वतःची वाट बघितली. ठेलेवाल्याने विचारलं, "किसको देख रहे हो भैया?" मी म्हणालो, "एक आदमी आने वाला है." दहा मिनिटं उभा होतो. तेवढ्या वेळात एक सायकल गेली आणि दोन शेळ्या. मी काही आलो नाही.

परत आलो तेव्हा वाक्य तयार होतं. आता बोलायचंच. पण खोलीत पाऊल टाकलं आणि साहेबांनी घड्याळावर बोट ठेवलं.

"हे बघा भाऊ, तुमचा दोष नाही. पण ज्याला ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येता येत नाही, तो माणूस स्वतंत्र व्यवसायाचा असो की लाटसाहेब असो, माझ्या कामाचा नाही. खोडा तो नंबर."

"काही अडचण आली असेल," मी म्हणालो. स्वतःची वकिली इतक्या पडेल आवाजात कोणी केली नसेल.

"अडचणीत निरोप धाडता येतो. खोडा. माझ्यासमोर खोडा."

मी वही आणली. लाल टाक दौतीत बुडवला. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मी एक्केचाळीसवर रेघ ओढली. नेहमीची रेघ सरळ यायची, ही वाकडी आली.

साहेब सायकल काढायला बाहेर गेले. ती उठली, बशा उचलून माझ्या हातात दिल्या. तिच्या बशीतल्या पोह्यांना हात लागलेला नव्हता. उंबऱ्यात काकू सुपात मान घालून बसल्या होत्या, पण हात हलत नव्हते.

तिने हळूच विचारलं, "तुम्ही कधी कुंडमला होता का?"

आता मला सांगा, शहाण्या माणसाला एवढा प्रश्न पुरे नाही का? पण मी धंद्याचा माणूस. नंबरामागचं नाव फोडायचं नाही, हा माझाच नियम. शिवाय साहेब बाहेर, विश्वास, कुंपण, शेत. मी झटकन म्हणालो, "छे. कुंडमला? कधीच नाही."

"अच्छा," ती म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

बशा ठेवून मी तिच्या खुर्चीवर बसलो. समोर वडील, त्यांच्या बाजूची आठ माणसं आणि त्यांच्या डोक्यांवर, हातभर लांबीच्या पाटीवर, कुंडम. ती प्रत्येक वेळी याच खुर्चीवर बसत आली होती. घरी असणारा कोणी नाही का, हे तिने विचारलं तेव्हाही. पाऊण तास ती त्या पाटीकडे बघत माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि मी कोपऱ्यावर जाऊन मला शोधत होतो.

"जाऊन सांग," काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "अजून चौकापर्यंत पोचले नसतील."

"रविवारी जातो," मी म्हणालो. "आज साहेबांची पाळी आहे."

पुढच्या रविवारी मी बुशशर्टला पुन्हा इस्त्री केली. निघणार तोच साहेबांची सायकल दाराशी. पाय ओट्यावर.

"भाऊ, सत्तावीस नंबरवाल्यांना कळवा. आमचा होकार."

"पण फॅक्टरी नको होती ना?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, बाबा, तो झोपला होता, पण आला होता." साहेब हसले. "पोरींचं काही सांगता येत नाही."

मी सत्तावीस नंबरवाल्यांकडे गेलो. माझं कामच होतं ते. मुलगा नुकता पाळीवरून आला होता. बातमी ऐकून त्याने माझे दोन्ही हात धरले. भला माणूस होता, तक्रार करायला जागा नव्हती.

तुळशीचं लग्न झाल्यावर यांचं झालं. मध्यस्थाचा मान म्हणून मला पहिल्या पंगतीत बसवलं, नारळ दिला, टोपी-उपरणं दिलं. नवरा-नवरी मोठ्यांच्या पाया पडत आली. माझ्यापर्यंत आली तेव्हा ती वाकली नाही, नमस्कार केला. मीही केला. टोपी मला मोठी होत होती, नमस्कार करताना ती डोळ्यांवर आली, त्यामुळे तिचा चेहरा काही मला दिसला नाही.

लढाई संपली होती, पण खिडक्यांचा काळा कागद मी काढला नव्हता. खळ पक्की लागली होती आणि उजेडाची मला घाई नव्हती. पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी खोली झाडली आणि मुलीची खुर्ची फिरवून ठेवली. आता तिची पाठ फोटोकडे आणि तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे.

काकू बाजाराला निघाल्या होत्या. दारात थांबल्या.

"खुर्ची काहून फिरवली रे?"

"मुलींच्या डोळ्यावर उजेड येतो."

काकूंनी काळ्या खिडकीकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं. कनवटीची किल्ली काढून त्यांनी खिळ्याला अडकवली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी ठेवली नव्हती.

"तू घरीच आहेस ना?" त्या म्हणाल्या.

"हाव," मी म्हणालो, आणि कांदे चिरायला घेतले.